‘तुम्ही स्केल पाहिलेलं दिसत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर

आधी मोजा, मग कोड वेगवान करा (ऑप्टिमाइझ करा), आणि मुलाखतीत बोर्डवर कोड लिहून घेऊ नका, असं मी पोस्टमध्ये म्हटलं होतं. त्यावरच्या प्रतिक्रियेबद्दल आभार, म्हणजे मानायचे असतात म्हणून. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा’ ही पोपटपंची आहे, डिझाइनच गंडलं असेल तर प्रोफाइलर (कोडचा वेळ कुठे जातो ते मोजणारं टूल) काय करणार, मुलाखतीत बोर्डवर कोड लिहून न घेणं हा आळस आहे. आणि जाता जाता, ‘तुम्ही स्केल पाहिलेलं दिसत नाही’, म्हणजे प्रचंड लोडच्या सिस्टमवर काम केलेलं दिसत नाही.

कशावरून दिसत नाही हो? मी ज्या सिस्टमचा ऑन-कॉल (बिघाड झाला की धावून जायची ड्युटी) सांभाळायचो तिथे ऑर्डर्सचं रिपोर्टचं पान उघडता उघडत नव्हतं, आणि मीटिंगमध्ये तुमच्याच सुरात बोलणारे दोघंतिघं होते, एक म्हणे रेडिस (डेटा मेमरीत तयार ठेवणारा कॅश) टाका, दुसरा म्हणे सगळं गो या भाषेत परत लिहा. मोजलं कोणीच नव्हतं. मी क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची नोंद, उघडला तर लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या आयटम्ससाठी वेगळी क्वेरी, म्हणजे पानावर २०० ऑर्डर्स असतील तर २०१ क्वेऱ्या, आणि एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते, म्हणजे क्वेरी प्लॅन, दाखवणारी कमांड) चालवलं तर आयटम्सच्या टेबलवर ऑर्डर आयडीला इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूचीच नाही, दर वेळी अख्खं टेबल स्कॅन. पोस्टग्रेस हा आमचा डेटाबेस फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमवर, इथे ऑर्डर आयडी) आपणहून इंडेक्स बनवत नाही, हे त्या स्केलवाल्यांना माहीतच नव्हतं. दोन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडणारा एक जॉइन, एक इंडेक्स, विषय संपला. रेडिस टाकलं असतं तर हाच घोळ कॅशखाली झाकून वर कॅश इनव्हॅलिडेशनचं, म्हणजे कॅशमधला शिळा डेटा वेळेत काढायचं, नवं दुखणं घेतलं असतं.

आणि पोपटपंची म्हणता ती संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथची, १९७४ च्या पेपरातली. मी पोस्टमध्ये त्यांचं वाक्य अर्धंच दिलं होतं, तेवढं मान्य. पूर्ण म्हणणं असं की ९७ टक्के वेळा बारीकसारीक वेग विसरा, पण उरलेल्या ३ टक्क्यांतली संधी सोडू नका, आणि ते ३ टक्के कुठे आहेत याचे मनाने केलेले अंदाज मोजून पाहिलं की चुकीचे निघतात, हेही तिथेच लिहिलंय. वाचा एकदा, मग पोपट कोण ते ठरवू.

डिझाइनचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर इथे बोलत नाही. बोर्डचं म्हणाल तर जावा भाषेच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेल्या यादीचे अर्धे-अर्धे भाग करत शोधणं) यादीच्या दोन टोकांची, लो अधिक हायची, बेरीज इंटच्या (पूर्णांक साठवायच्या प्रकाराच्या) मर्यादेबाहेर जायचा बग वर्षानुवर्षं होता, २००६ मध्ये तो चव्हाट्यावर आला. तो लिहिणारे तुमच्या मुलाखतीत आरामात पास झाले असते.

बाकी टोपणनावाने दुसऱ्याचा अनुभव मोजणं सोपं असतं. पुढच्या वेळी सोबत एखादा क्वेरी प्लॅन टाका, त्यावर बोलू.