‘अफगाणिस्तान आता सगळ्यात सुरक्षित’ म्हणे!

‘हे मीडिया तुम्हाला सांगणार नाही’ असं म्हणत एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: अफगाणिस्तान आज पर्यटनासाठी सगळ्यात सुरक्षित देश आहे, बामियानच्या डोंगरकड्यात कोरलेल्या बुद्धमूर्ती पुन्हा उभ्या राहिल्यात, बायकांना तिथे पूर्ण मान आहे आणि काही झालंच तर विमा नि दूतावास आहेतच. मी दुर्लक्ष करत होते. पण परवा तो माझ्या मावशीकडून आला, खाली ‘आमच्या महिला मंडळाची ट्रिप काढायची का?’ या प्रश्नासकट. आता गप्प बसवत नाही.

मूर्तींचं आधी उरकते. मार्च 2001 मध्ये तालिबानने 38 आणि 55 मीटर उंचीच्या त्या दोन्ही मूर्ती सुरुंग लावून उडवल्या. कड्यात आज रिकामे कोनाडे आहेत. मेसेजमधला झळाळता फोटो 2015 सालचा आहे. एका चिनी दांपत्याने रात्री प्रोजेक्टर लावून कोनाड्यात बुद्धाची आकृती उमटवली होती, तिचा. आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं 1969 ते 1977 या काळात याच मूर्तींच्या डागडुजीसाठी तिथे राबली होती, म्हणून माझी चिडचिड जरा जास्तच.

आता ‘बायकांना मान’. ऑगस्ट 2021 पासून तिथे सत्तेत असलेल्या तालिबानने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलेला 35 कलमी कायदा वाचा. तो त्यांच्याच राजपत्रात छापलाय, त्यामुळे मीडियाने रचलाय असं म्हणायची सोय नाही. कलम 13 नुसार बाईने चेहऱ्यासकट सगळं अंग झाकायचं. तिचा आवाजसुद्धा परक्या पुरुषापासून लपवायची गोष्ट. सोबत घरचा पुरुष नसलेली बाई गाडीत घ्यायला ड्रायव्हरला मनाई. सहावीनंतर मुलींची शाळा बंद, डिसेंबर 2022 पासून विद्यापीठंही बंद. बामियानजवळच बंद-ए-अमीरची निळीशार तळी आहेत, मेसेजमध्ये त्यांचाही फोटो आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तालिबानच्या मंत्र्याने तिथे बायकांना जाऊ देऊ नका असं फर्मावलं. बायकांना स्थळदर्शनाला जाण्याची काही गरज नाही, हे त्याचं कारण. आणि म्हणे महिला मंडळाची ट्रिप!

परदेशी बायका जातात, हे खरं आहे. त्यांना बरीच सूट मिळते, हसून स्वागतही होतं. पण ती सूट पासपोर्ट बघून दिलेली असते. त्याच गावातल्या बाईला ती नाही. पाहुणीला मिळालेली मोकळीक दाखवून ‘इथे बायकांना मान आहे’ असं सांगणं मला निर्लज्जपणाचं वाटतं.

सुरक्षिततेच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. ऑगस्ट 2021 नंतर देशभरची लढाई बरीच थांबली, पूर्वी जिथे जाणं अशक्य होतं ते रस्ते खुले झाले, पर्यटकही वाढले. पण 17 मे 2024 ला बामियानच्याच बाजारात बंदूकधाऱ्याने पर्यटकांवर गोळ्या झाडल्या. तीन स्पॅनिश पर्यटक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण मारले गेले. जबाबदारी इस्लामिक स्टेट या दहशतवादी संघटनेने घेतली. हे मेसेजमध्ये का नाही?

दूतावासाचंही तेच. त्या हल्ल्याच्या वेळी स्पेनचा दूतावास काबूलमध्ये नव्हताच, 2021 मध्येच हलवलेला. भारताचा आहे. पण बामियानपासून तिथवर डोंगरातून कित्येक तासांचा रस्ता आहे, हे जखमी माणसाच्या हिशेबाने बघा. आणि विमा? बहुतेक प्रवासविम्यांत युद्ध आणि सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेले देश वगळलेले असतात. ते बारीक अक्षरात असतं.

मेसेजच्या तळाशी ‘बुकिंगसाठी संपर्क’ म्हणून एक नंबर आहे. मावशीला म्हटलं, पैसे भरायच्या आधी त्याच्याकडून विम्याच्या पॉलिसीची प्रत मागव, अफगाणिस्तानचं नाव त्यात लिहिलेली.