स्वस्तातला फ्लॉइड रोझ आणि फ्रिजवरचा चुंबक

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा मेसेज. "मामा, हा घेऊ का? दोन हजारांत लॉकिंग ट्रेमोलो, काळा, रेटिंग ४.१. उद्यापर्यंतच ऑफर आहे." मी "थांब" एवढंच लिहिलं आणि झोपलो. पण हाच प्रश्न वर्षातून चार-पाच पोरं विचारतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. ज्यांना गिटारशी घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

तर प्रोजेक्ट गिटार. कुणाच्या तरी माळ्यावरून आणलेली बॉडी, दुसऱ्याच गिटारचा नेक, तापकीर गल्लीतून आणलेले पॉट आणि जॅक. त्यावर पोरांना हवा असतो लॉकिंग ट्रेमोलो, म्हणजे तारा आवळून धरणारा आणि बारने (दांडीने) हलवता येणारा ब्रिज. बार दाबून तारा पार लोंबेपर्यंत खाली न्यायच्या आणि सोडल्या की सूर जागच्या जागी हवा. हे जमवलं फ्लॉइड रोझ नावाच्या माणसाने. बँडमध्ये वाजवायचा, घरी दागिने घडवायचा. १९७६ च्या सुमारास कामाला लागला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं. तार नटपाशी, म्हणजे नेकच्या डोक्याकडच्या टोकाला आवळायची, ब्रिजमध्येही आवळायची, मग तिला घसरायला जागाच उरत नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तो वाजवला आणि ऐंशीच्या दशकात जिकडेतिकडे तोच दिसू लागला.

आता मुद्द्याचं. हा ब्रिज लाकडाला घट्ट आवळलेला नसतो. बॉडीत दोन पोस्ट आणि त्यांना टेकलेल्या बेसप्लेटच्या दोन धारा, एवढाच आधार. १०-४६ चा तारांचा संच (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच, सगळ्यात जाड ०.०४६) स्टँडर्ड ट्यूनिंगला लावला की सहा तारांचा मिळून ताण साधारण ४७ किलो होतो. ९-४२ लावला तर ३८-३९. तारा वरून नेककडे ओढतात, मागच्या स्प्रिंगा खालून नेककडेच ओढतात, आणि दोन्हींचा भार येतो त्या दोन धारांवर. सराफाच्या जुन्या तराजूची दांडी जशी धारेवर झुलते, अगदी तसं. धार कडक आणि स्वच्छ असेल तर बार सोडल्यावर ब्रिज दरवेळी त्याच जागी परत येतो. धारेला खाच पडली की कधी खाचेत बसतो, कधी कडेवर.

हे मला कसं कळलं? पैसे घालवून. माझा पहिलाही असाच होता, बिननावाचा, दिसायला झकास. चार महिने बरा चालला. मग डाइव्ह मारला (बार पार खाली दाबून सोडला) की 'जी' (G) ची तार किंचित चढी यायची, वर ओढला की किंचित उतरी. मी तारा बदलल्या. नटचे स्क्रू आवळले. स्प्रिंगा बदलल्या. मग पावसाळ्याला दोष दिला, कारण पुण्यात मे आणि जुलैमध्ये नेक थोडा इकडेतिकडे होतोच, तेव्हा हे कारण नेहमी हाताशी असतं. शेवटी एका रविवारी ब्रिज काढला आणि कंपनीतून आणलेल्या भिंगाखाली धरला. धारेवर बरोब्बर पोस्टच्या गोलाईचा खळगा. नखाला लागत होता. सुईफाइल घेऊन बेसप्लेटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर एकदा ओढली, तर फाइल चावली. कडक स्टीलवर फाइल घसरते, चावत नाही, हे आयटीआयच्या पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात. मी वीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि स्वतःच्या गिटारवर हे करून बघायला मला इतके महिने लागले. असो.

दुकानात फाइल कुणी चालवू देणार नाही, पण चुंबक देतील. फ्रिजवरचा चुंबक खिशात टाकून जा. तारा जिथे आवळल्या जातात त्या सहा सॅडल्सना तो लावा. चिकटला तर स्टील. नाही चिकटला तर बहुधा झिंक डायकास्टिंग, वर काळा मुलामा. झिंकच्या सॅडलमध्ये तार आवळताना ॲलन की जरा जास्त फिरवली की "टक" असा आवाज येतो. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढे सांगायला नको.

फ्लॉइड रोझ कंपनीचाच 'स्पेशल' नावाचा स्वस्त प्रकार आहे, त्यात सॅडल आणि खालचा ब्लॉक (ज्यात स्प्रिंगा अडकवतात तो ठोकळा) झिंकचे असतात. वाईट नाही, पण मग नावाचे पैसे किती द्यायचे याचा विचार करा. त्याच्या वरचा '१०००' कोरियात बनतो, मूळ जर्मन ब्रिजच्या धाटणीने आणि मालाने. माझं मत विचाराल तर प्रोजेक्टसाठी तोच, आणि तोही जुना. कुणीतरी गिटार मोडून सुटे भाग विकत असतो, तिथे लक्ष ठेवायचं. नवाच हवा असेल तर जपानच्या गोटोचा. दोन हजारांच्या कितीतरी पट जातात, मान्य. पण दोन हजारांचा दर वर्षी बदलणार असाल तर हिशोब तुम्हीच करा.

"पण मामा, ब्लॉक पितळेचा असला की सस्टेन वाढतो, म्हणजे सूर जास्त वेळ टिकतो ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. अरे, ब्लॉक ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पुण्यात बसून पितळेच्या ठोकळ्यासाठी परदेशात पैसे कशाला पाठवायचे? भोसरीत मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) भंगारातल्या पितळेच्या तुकड्यातून करून घेतला. स्प्रिंगांची पाच भोकं, वरचे टॅप, सगळं तासाभरात. ऑपरेटरने विचारलं, "साहेब, कुठल्या मशिनचा पार्ट हा?" गिटारचा म्हटल्यावर त्याने दोनदा माझ्याकडे पाहिलं. डायकास्टिंगच्या झिंकची घनता ६.६ च्या आसपास, पितळेची ८.५, म्हणजे तेवढ्याच मापात वजन चांगलंच वाढलं. आवाजात फरक पडला का? मला वाटला. पण कडा घासून घासून माझे हात भरून आले होते, तेव्हा वाटणारच. ब्लॉक नंतर कधीही बदलता येतो. धारेचं स्टील घरी कडक करता येत नाही.

आणि एक, ब्रिज हातात आल्याशिवाय बॉडीत राउटर (लाकडात खाच मारायचं मशिन) घालू नका. भवानी पेठेतल्या एका सुताराने मला कागदावरच्या मापाने खाच मारून दिली होती, मग लाकडाची पाचर आणि फेव्हिकॉल. मूळ फ्लॉइडच्या दोन पोस्टमधलं अंतर ७४.३ मिमी. विकत घेताना कॅलिपर लावा. तेवढंच किंवा अगदी जवळचं असेल तर उद्या चांगला ब्रिज त्याच भोकांत बसेल, भलतंच असेल तर बॉडी पुन्हा सुताराकडे. ब्लॉकची उंचीही बघा, ३२, ३७ आणि ४२ मिमीचे मिळतात. पातळ बॉडीत ४२ चा घातला तर मागून बाहेर डोकावतो. नटच्या रुंदीचंही तेच, आर-२ आणि आर-३ या मापांत दीडेक मिमीचा फरक आहे आणि तो नेकच्या कडेला दिसतो.

ब्रिज फ्लोटिंग, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे हलणारा ठेवायचा का? पहिल्या गिटारवर नको. एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात आणि ऐन कार्यक्रमात तुम्ही सहा नव्हे, शून्य तारांचे गिटारवादक होता. ब्लॉक आणि खाचेची नेककडची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा अडकवा, बार फक्त खाली जाऊ दे. ड्रॉप-डी (सगळ्यात जाड तार एक सूर खाली) पण मिळतो, ट्यूनिंगही अर्ध्या वेळात होतं. वर ओढून किंचाळ्या काढायची हौस पुढच्या गिटारवर.

तर भाचेबुवा, ती ऑफर जाऊ दे. रविवारी सकाळी ये, जुन्या बाजारात चक्कर मारू. येताना ३ मिमीची ॲलन की घेऊन ये, माझी गेल्या वेळी तूच नेलीस.