‘डिक्रीत निम्मा लिहिलाय ना, मग घाई कशाला?’

अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे घटस्फोटाच्या डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या हुकमात, नवऱ्याचा ४०१(के) (नोकरीतला निवृत्तीचा फंड) निम्मा लिहिला की काम झालं; क्यूडीआरओ, म्हणजे तो हिस्सा बायकोच्या नावे करणारी कोर्टाची वेगळी ऑर्डर, हा वकिलांचा धंदा, तो नवरा रिटायर होताना करा; आधी पैसे काढले तर १० टक्के दंड; आणि त्याच कागदावर भारतातला पीएफही मिळतो. परवा हे धाकट्या बहिणीने पाठवलं, तिची डिक्री नुकतीच झालीय. म्हणून गप्प बसवत नाही.

डिक्रीने काम होत नाही. डिक्री नवऱ्याला बांधते, प्लॅनला, म्हणजे फंड चालवणाऱ्यांना, नाही. निवृत्ती फंडांसाठीच्या १९७४ च्या एरिसा कायद्याने खातेदाराचा पैसा दुसऱ्याच्या नावे करायला बंदी आहे. १९८४ साली घटस्फोटासाठी सूट दिली, ती क्यूडीआरओची. अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा २००९ चा केनेडी निकाल बघा. १९९४ च्या घटस्फोटात बायकोने ड्यूपॉन्टच्या प्लॅनवरचा हक्क सोडला होता, पण नवऱ्याने वारसाचा फॉर्म बदललाच नाही. तो वारल्यावर सुमारे ४ लाख डॉलर तिलाच गेले, आणि इस्टेटीतर्फे भांडणारी मुलगी हरली. प्लॅन आपल्या दप्तरातला कागद बघतो, तुमची डिक्री नाही.

सगळ्यात घातक सल्ला ‘रिटायरमेंटला करू’ हा. केवळ उशिरा आला म्हणून क्यूडीआरओ नाकारता येत नाही, हे २००६ च्या कायद्यामुळे खरं आहे. एवढंच काय ते खरं. पण तोवर त्याने नोकरी बदलून पैसे आयआरएत (स्वतःच्या वेगळ्या निवृत्ती खात्यात) वळवले किंवा काढून उडवले, तर मंजूर ऑर्डर घेऊन जाल आणि खात्यात शून्य. मग कंटेम्प्टसाठी, म्हणजे त्याने कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून, कोर्टाच्या खेपा. पेन्शन असेल, त्याने दुसरं लग्न करून ती सुरू केली, तर त्याच्या पश्चात मिळणारा हिस्सा बहुतेकदा नव्या बायकोचा झालेला असतो.

म्हणून मसुदा डिक्रीबरोबरच तयार हवा. प्लॅनकडून नमुना ऑर्डर मागवा, मसुदा जजच्या सहीआधी त्यांच्याकडून तपासून घ्या, मग सही, प्रमाणित प्रत, आणि लेखी मंजुरी येईपर्यंत पिच्छा सोडू नका. ऑर्डर परत येते ती फुटकळ चुकांवर: कंपनीचं नाव आहे पण प्लॅनचं अधिकृत नाव नाही, ‘निम्मा’ आहे पण कोणत्या तारखेचा, पुढचा नफा-तोटा धरून की न धरता, याचा पत्ता नाही. आणि कर्ज! खात्यात १,००,००० डॉलर शिल्लक, शिवाय त्याने खात्यातूनच उचललेले २०,०००. कर्ज धरलं तर तुमचे ६०,०००, वगळलं तर ५०,०००. एका वाक्याचा फरक. ऑर्डर तपासणीत असताना प्लॅनने तुमचा वाटा बाजूला ठेवायचा असतो, पण जास्तीत जास्त १८ महिने.

दंडाचं तर नेमकं उलटं आहे. क्यूडीआरओखाली थेट प्लॅनमधून घेतलेल्या रकमेवर घटस्फोटित जोडीदाराला १० टक्के दंड नाही. टॅक्स मात्र तिलाच, आणि रोख घेतली तर प्लॅन २० टक्के आधीच कापतो. तीच रक्कम आधी आयआरएत टाकून वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढली, तर ही सवलत गेली. थोडी रोख हवी असेल तर तेवढी आधी प्लॅनमधूनच घ्या, बाकीची वळवा.

आयआरएला क्यूडीआरओ लागत नाही. डिक्रीच्या आधारे थेट खात्यातून खात्यात बदली होते. फेडरल नोकरांच्या टीएसपीला (त्यांचा ४०१(के)सारखा फंड) आणि पेन्शनला वेगवेगळ्या ऑर्डरी लागतात. भारतातल्या पीएफला क्यूडीआरओ लागू नाही. सेटलमेंट करतानाच त्याची रक्कम मांडा आणि तेवढं घरातून किंवा बँकेतल्या शिलकीतून वळतं करून घ्या.