ठिपक्याचा वाघ

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोठ्या बाबांचं वासरू गेलं. रात्री कोठ्यातून ओढून नेलं, सकाळी धुऱ्यापाशी अर्धं खाल्लेलं सापडलं. पंचनाम्याला वनखात्याचे साहेब आले. कोणी नेलं? "वाघानं जी." साहेबांनी मातीतल्या ठशाला पट्टी लावली आणि हसले. "बाबाजी, हा बिबट आहे. वाघ कोणता, बिबट कोणता, एवढंही कळत नाही का?" मोठे बाबा म्हणाले, "ठिपक्याचा वाघ होता जी. वाघ नाही त का मांजर होती?" जमलेले सगळे हसले. मीही हसलो, आणि तेच अजून सलते.

कळत कसं नाही? ठिपके त्यांनीच सांगितले ना! आमच्याकडं पट्ट्याचा तो पट्टेदार वाघ, ठिपक्याचा तो बिबट्या वाघ. दोन्ही वाघच. 'ढाण्या वाघ' म्हणायची गरज तरी का पडली असेल? नुसतं 'वाघ' म्हटलं की कोणता, हा प्रश्न उरतो म्हणून.

आणि ज्या भाषांचा आपण धाक घेतो, त्यांचे घोळ पाहा. इंग्रजीतला 'लेपर्ड' म्हणजे लिओ अधिक पार्ड. सिंह आणि पार्ड नावाचं ठिपकेवालं जनावर यांच्या संकरातून हा झाला, असं जुने ग्रीक-रोमन समजायचे. ती चूक आजही शाळेत स्पेलिंगसकट पाठ करून घेतात. फारसीत शेर म्हणजे सिंह आणि बब्र म्हणजे वाघ. ताडोबाच्या गेटवर नागपूरचे पर्यटक "शेर दिखा क्या?" विचारतात तेव्हा त्यांना वाघच हवा असतो. आणि 'बब्बर शेर' म्हटलं की सिंह! त्यांना कोणी हसत नाही, जिप्सीत बसवून फिरवतात.

संस्कृत तरी कुठं ठाम आहे? ऋग्वेदात सिंह आहे, वाघ नाही. तो अथर्ववेदात भेटतो. यास्कानं निरुक्तात, म्हणजे शब्दांची मुळं सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, 'व्याघ्र'च्या दोन व्युत्पत्त्या दिल्या: हुंगतो म्हणून, किंवा जबडा पसरून मारतो म्हणून. मला दुसरी पटते. वाघ शिकार करतो ती मुख्यतः डोळ्या-कानांनी, हे आमचा ढोरकीही सांगेल. याच व्याघ्राचा घासून घासून 'वाघ' झाला.

पण विदर्भात वाघाला एवढं एकच नाव नाही. गडचिरोलीच्या टोकाला सिरोंच्यात तेलुगू बोलणारे 'पुलि' म्हणतात. तमिळमध्येही पुलि, कन्नडमध्ये हुलि, तुळूत पिलि, आणि आपल्या कोलाम आदिवासींचा शब्दही त्याच घरातला. मेळघाटात जा, तिथला कोरकू आदिवासी त्याला 'कुला' म्हणतो. संथाळीत तोच 'कुल', म्हणजे हा शब्द पार झारखंडाशी नातं सांगतो. एका विदर्भात एकाच जनावराला तीन भाषाकुळांतली नावं! आणि पंचनाम्याच्या कागदावर रकाना एकच.

धारणीकडं नोकरी केलेला माझा एक मित्र सांगतो, तिकडं नुसतं कुला नाही, 'कुला मामा' म्हणतात. मामा म्हटलं की भाच्याला खाणार नाही, असा भरवसा असावा बहुतेक. आमची मोठी आई तर दिवे लागल्यावर नावच घेऊ देत नसे. "जनावर" म्हणायचं फक्त. मग कोणतं जनावर, ते ऐकणाऱ्याला बरोबर समजायचं.

त्या दिवशी कागदावर 'बिबट' लिहिलं गेलं. तेही बरोबरच होतं, सरकारी कामाला नेमका शब्द लागतो, माझं त्याला काही म्हणणं नाही. मोठ्या बाबांनी सही केली, पेन परत दिला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वाघ लिवलं ना बापू त्यानं?"

मी हो म्हटलं.