बिनखर्ची सेवा

बाबांना लकवा मारला, दवाखान्यातून सुटी झाली, आता बाजेवर आहेत? घाबरू नका. घरात सून आहे ना!

बाज अजिबात बदलू नका. सुतळीला झोळ पडला की सगळा भार माकडहाडावर येतो, तेवढीच बैठक पक्की. सिस्टर हवेची गादी घ्यायला सांगेल, दर दोन तासांनी कूस बदला म्हणेल. दिवसरात्रीत बारा वेळा! ऐन निंदणात? सून वावरात जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, बस्स. काही दिवसांत लाल चट्टा दिसेल, बोटानं दाबला तरी रंग न सोडणारा. त्यावर पावडर टाकून खसाखसा चोळा, म्हणजे आतलं मांस लवकर सडतं.

पेज आडवं ठेवूनच पाजा. टेकून बसवायला दुसरा माणूस लागतो, आणि माणूस म्हटला की रोजी आली. ठसका लागला तर कोणीतरी आठवण काढली म्हणायचं. पेज श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो, हे डॉक्टर लोकांचं खूळ. लघवीची पिशवी उशाकडच्या खुंटीला टांगा. मूत उलटं आत जातं खरं, पण पाहुण्यांना दिसत नाही.

गावातली एखादी बाई दिवसभर ठेवावी असं सून म्हणाली, तर शेजारी आहेतच सांगायला, 'घरच्या मानसाच्या गू-मुताले कायचे पैसे जी?' निंदणाची रोजी देताना असं कोणी विचारत नाही, पण तो विषय वेगळा.

सरकारचंही ऐकून ठेवा. आयुष्मान कार्डावर 70 आणि त्यापुढच्या वयाच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण भरती झाल्यावर. कूस बदलायला कार्ड चालत नाही. तेव्हा जखम हाडापर्यंत जाऊ द्या.

वावर नावावर करायचं राहिलं असेल तर उरका. उजवा हात गेला असला तरी डावा अंगठा आहे. फक्त बक्षीसपत्रात 'सांभाळीन' ही अट येऊ देऊ नका. ती घालून सांभाळलं नाही, तर आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 लागून व्यवहार रद्द होऊ शकतो.

तेरवीला मात्र हात आखडू नका. पाचशे पानं, बुंदी, मंडप. कमी पडले तर व्याजानं काढा. शय्यादानाची गादी चांगली जाड घ्या, चार इंची, नव्या कापसाची. तिथं भाव करायचा नसतो.