सोमवार आला की भंडारदरा

मतदानाची तारीख जाहीर झाली की शहाण्या नाशिककराने उमेदवार बघू नये, वार बघावा. २०२४च्या लोकसभेला आपल्याकडे २० मे आला, तोही सोमवार. शनिवार, रविवार आणि वर भरपगारी सुट्टी! ती मत देण्यासाठी असते म्हणे. असेल. पण भंडारदऱ्याला जाऊ नका असं कायद्यात कुठे लिहिलंय? विधानसभेला मात्र बुधवार काढून निवडणूक आयोगाने रडीचा डाव खेळला. अशा वेळी पुढच्या-मागच्या दोन रजा टाकाव्यात. देशासाठी तेवढं करायलाच हवं.

पण खरी तयारी आधीच्या वर्षात करायची असते. पंचवटीतून गंगापूर रोडला राहायला गेलात ना? फर्निचर न्या, तुळस न्या, नाव मात्र जुन्या यादीतच राहू द्या. पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरला तर सगळा खेळ फसतो. अंगणवाडीच्या ताई बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणाऱ्या, म्हणून दारात येतील. लिफ्ट बंद, तीन जिने चढून आलेल्या, छातीशी प्लास्टिकची फाइल, पदराने घाम टिपत उभ्या. सेफ्टी डोअर न उघडता आतूनच म्हणायचं, ‘आत्ता नको, जेवतोय.’ पाणी विचारू नका, त्या बसतील आणि फॉर्म भरून घेतील.

मग कधी चुकून गावात राहिलातच, तर मतदानाच्या दिवशी पावणेसहाला जुन्या केंद्रावर न जाता नव्या घराजवळच्या केंद्रावर जा. नाव सापडणार नाही. ‘लोकशाहीचा खून!’ हे वाक्य मोबाइल आडवा धरून म्हणावं, उभा धरला तर मागची शाळा दिसत नाही.

महापालिकेची निवडणूक सर्वांत वैतागाची. एका प्रभागात चार जागा, म्हणजे चार वेळा बटण. एकच दाबून निघालात तर मशीन पूर्ण वाजत नाही आणि आतले साहेब सगळ्यांदेखत परत बोलावतात. त्यापेक्षा मार्च २०२२नंतरचा काळ किती सुखाचा होता! मुदत संपली, प्रशासक बसले, जानेवारी २०२६पर्यंत निवडणूकच नाही. मतदान टाळायचेही कष्ट वाचले.

परदेशात म्हणे नागरिकांना कोर्टात ज्युरी म्हणून बसवतात. आपल्याकडेही होती ही भानगड. १९५९ला मुंबईत नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने त्यांना ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि हायकोर्टाने जन्मठेप दिली. पुढे ज्युरीच मोडीत निघाली. निघेना का! सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकचा खटला रात्री साडेदहाला उभा राहतो, दहा पंचेचाळीसला निकाल. शपथ नाही, साक्षीपुरावा नाही, आरोपीला वकील तर नाहीच. आणि सर्वांत कडक शिक्षा सुचवतो तो भंडारदऱ्याहून फोटो टाकणारा.

एकच धोका सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी मिसळ खायला जाल. दारावर पाटी: ‘शाई दाखवा, सवलत मिळवा.’ शेजारच्या टेबलावर नऊवारीतल्या आजी डावी तर्जनी ताठ करून बसलेल्या. पोऱ्या तुमच्याकडे वळतो, ‘साहेब, बोट?’

अशा वेळी डावा हात टेबलाखाली घ्यावा आणि उजव्याने तर्री मागवावी.