केलन मूर ‘नापास खेळाडू’? आधी हिशेब तरी बघा

‘ज्यांना खेळता येत नाही ते कोच होतात. केलन मूरच बघा. एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये) जेमतेम तीन सामने, मग ओळखीने कोचची नोकरी, आणि पुढचं यश खेळाडूंच्या जिवावर.’ अमेरिकन फुटबॉलच्या गप्पांत हा दावा हमखास ऐकू येतो.

खेळता येत नव्हतं? बॉइसी स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) म्हणून 2008 ते 2011 या काळात मूरने 50 सामने जिंकले आणि 3 हरले. तिन्ही पराभवांतला फरक एकत्र केला तरी भरतो 5 गुण! 2010 मध्ये नेवाडाविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत त्याने पन्नासहून जास्त यार्डांचा पास टाकून संघाला गोलपोस्टसमोर नेऊन ठेवलं. मग संघाच्या किकरची 26 यार्डांवरची किक चुकली, जादा वेळेत 29 यार्डांवरचीही. आता हा पराभव कुणाच्या खात्यावर मांडायचा?

एनएफएलचं मात्र खरं आहे. उंची बेताची, हातात जोर कमी, म्हणून 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कुणी निवडलं नाही. डेट्रॉइटमध्ये तीन वर्षं बाकावर गेली. 2015 मध्ये डॅलसकडून तीन सामने मिळाले, त्यांत 4 टचडाउन (गुण मिळवून देणारे पास) आणि 6 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास). पुढच्या वर्षी सरावात पाय मोडला. पण राखीव क्वार्टरबॅकचं काम तरी काय असतं? चित्रफिती बघायच्या, समोरच्या बचावाच्या खोड्या ओळखायच्या, खेळणाऱ्याला सांगायच्या. म्हणजे कोचचंच काम, फक्त अंगात जर्सी.

ओळख होती, नाही कशाला म्हणा. वडील शाळेच्या संघाचे कोच. डेट्रॉइटचे कोच स्कॉट लिनेहान डॅलसला आधी गेले होते, मूर त्यांच्या मागून आला. पण 2018 मध्ये क्वार्टरबॅक कोच झालेल्या मूरला पुढच्याच वर्षी आक्रमणाची सूत्रं मिळाली ती लिनेहानना काढल्यावर, त्यांच्याच जागी. 2020 मध्ये मुख्य प्रशिक्षक बदलले. नव्या मॅकार्थींनीही त्याला ठेवलं. 2021 मध्ये डॅलसने लीगमध्ये सर्वाधिक गुण केले.

राहिले खेळाडू. 2023 मध्ये मूर चार्जर्सचा कोच असताना, हर्बर्टसारखा क्वार्टरबॅक असून संघ 5 विजय, 12 पराभवांवर आपटला, त्यात मूरचाही वाटा होताच. नंतर तो गेला त्या फिलाडेल्फियात चेंडू घेऊन धावणारा सेकॉन बार्कली होता, हेही कबूल. पण पासिंगसाठी ओळखला जाणारा हा माणूस 2024 मध्ये सरळ धावण्याच्या खेळाकडे वळला, आणि बार्कलीने 2,005 यार्ड काढले. हातात काय आहे ते बघून डाव मांडणं हे कोचिंग नाही तर काय?

9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये फिलाडेल्फियाने सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, 40-22 असा जिंकला. दोनच दिवसांनी, ज्यांचं ते घरचं मैदान त्या सेंट्सनी मूरला मुख्य प्रशिक्षक नेमलं.